स्तनपान आणि औषधोपचार : मातेच्या निर्णयाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

बाळाला अंगावर पाजणारी स्त्री आजारी पडली आणि डॉक्टरांनी तिच्या हाती औषधांची चिठ्ठी दिली, की घरात एक प्रश्न उभा राहतो. औषध घ्यावे की नाही? घेतल्यास बाळाला दूध द्यावे की तोडावे? दूध तोडल्यास ते पुन्हा येईल का? वरवर पाहता हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. परंतु त्याला दीर्घ इतिहास आहे. आईच्या पोटात गेलेला पदार्थ दुधावाटे बाळाकडे जातो, ही जाणीव निदान दोन हजार वर्षे जुनी आहे. या जाणिवेचा अर्थ मात्र प्रत्येक काळात वेगळा लावला गेला आणि त्या अर्थानुसार निर्णयाचा अधिकारही एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचे तीन टप्पे मांडले आहेत. पहिल्या टप्प्यात स्तनदा स्त्री ही औषध बाळापर्यंत नेणारे वाहन मानली गेली. दुसऱ्या टप्प्यात तिच्या दुधातील औषध हा धोका मानला गेला आणि दूध बंद करणे हा सुरक्षित मार्ग ठरला. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे साधारणपणे १९७० च्या दशकानंतर, दुधातील औषधाचे प्रत्यक्ष मापन होऊ लागले आणि त्याबरोबरच ती स्त्री स्वतः एक रुग्ण आहे, तिच्या आजाराचीही जोखीम मोजली पाहिजे, हा विचार पुढे आला. ‘शंका असेल तर दूध तोडा’ हा नियम बहुतेक वेळा सिद्ध झालेल्या अपायातून आला नसून माहितीच्या अभावातून आला होता, हे या इतिहासावरून दिसून येते.

प्राचीन वैद्यक : दूध हे औषधाचे वाहन

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये स्तन्य म्हणजे आईचे दूध हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. चरकसंहितेत दुधाचे आठ दोष सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दुधाची परीक्षा दिली आहे. शुद्ध दूध पाण्यात टाकले असता त्यात एकजीव होते, त्याला तंतू किंवा फेस येत नाही आणि ते तरंगत वा बुडत नाही, असा तिचा आशय आहे. बालकांच्या चिकित्सेस वाहिलेल्या काश्यपसंहितेतही दुधाची उत्पत्ती व दुष्टी यांची चर्चा आढळते. आईचा आहारविहार बिघडला की दूध बिघडते आणि दूध बिघडले की बाळ आजारी पडते, ही या सर्व ग्रंथांची समान भूमिका होय.

सुश्रुतसंहितेतील एक विधान या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तेथे बालकांचे केवळ दूध पिणारे, दूध व अन्न दोन्ही घेणारे आणि केवळ अन्न खाणारे असे तीन गट केले आहेत. औषधाची योजना या गटांनुसार बदलते. अन्न खाणाऱ्या बालकाला औषध थेट द्यावे, दूध व अन्न दोन्ही घेणाऱ्याच्या बाबतीत ते बालकाला व त्यास पाजणाऱ्या स्त्रीला द्यावे आणि केवळ दुधावरच्या बालकासाठी ते पाजणाऱ्या स्त्रीला द्यावे, असा हा नियम आहे. म्हणजे आजारी बाळासाठी निरोगी स्त्रीने औषध घ्यायचे, कारण तिचे दूध हाच औषधाचा मार्ग होता.

ग्रीक-रोमन परंपरेतही असाच विचार आढळतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य सोरेनस याने स्त्रीरोगांवरील ग्रंथात दाई कशी निवडावी याची चर्चा केली आहे. दुधाचा थेंब नखासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर टाकून तो कसा पसरतो हे पाहावे, असे तो सांगतो. दाईने मद्य घेतल्यास त्याचा परिणाम बाळावर होतो, हेही त्याने नोंदवले आहे. पाण्यातील थेंब आणि नखावरील थेंब या दोन्ही परीक्षा डोळ्यांनी करावयाच्या होत्या. रसायनशास्त्र अद्याप दूर होते. दोन्ही परंपरांत निरीक्षण मात्र नेमके होते आणि दोन्हींत निर्णय वैद्य किंवा घरातील कर्ती माणसे घेत. पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःला काय हवे, याची चर्चा त्यांत फारशी दिसत नाही.

पॅरिसमधील पाऱ्याचा उपचार :

दुधावाटे औषध देण्याच्या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला. त्या काळी पॅरिसमध्ये टाकून दिलेल्या अर्भकांची संख्या मोठी होती आणि त्यांपैकी अनेकांना जन्मतःच उपदंश झालेला असे. या रोगावर पारा हे त्या वेळचे प्रमुख औषध होते. नवजात बालकाला पारा थेट देणे घातक ठरते, हे वैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून १७८० मध्ये व्होझिरार येथे एक रुग्णालय सुरू करण्यात आले. उपदंशाने आजारी असलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून त्यांच्यावर पाऱ्याचे उपचार केले जात आणि त्यांच्या दुधावाटे त्यांच्या स्वतःच्या व टाकून दिलेल्या बालकांवर उपचार व्हावेत, अशी अपेक्षा असे.

या योजनेमागे परोपकाराची भावना होती, यात शंका नाही. तरीही तेथील बालकांमधील मृत्यूचे प्रमाण मोठेच राहिले. पाजणाऱ्या स्त्रिया गरीब होत्या. त्यांना उपचार व निवारा मिळे, पण त्यांच्या शरीराचा उपयोग औषध गाळून देणाऱ्या चाळणीसारखा केला जाई. किती पारा दुधात उतरतो आणि त्यांतील किती बाळाच्या रक्तात जातो, हे मोजण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. सुश्रुतसंहितेतील नियम आणि पॅरिसमधील हा प्रयोग यांत अनेक शतकांचे अंतर असले, तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक होते : आईला दिलेली मात्रा बाळाला पुरेशी होते. हे गृहीतक विसाव्या शतकात तपासले गेले, तेव्हा ते बहुतेक औषधांच्या बाबतीत टिकले नाही.

विसावे शतक : निषेधाची भाषा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्र पार बदलले. सल्फा औषधे, पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, झोपेची व मनोविकारांवरील औषधे, गर्भनिरोधक गोळ्या अशा नव्या औषधांचा ओघ सुरू झाला. याच काळात पाश्चात्त्य देशांत बाटलीचे दूध हे आधुनिकतेचे लक्षण मानले जाऊ लागले आणि स्तनपानाचे प्रमाण घटले. अशा परिस्थितीत एखादी स्तनदा स्त्री आजारी पडली, तर तिचे दूध बंद करणे हा डॉक्टरांना सोपा मार्ग वाटे. पर्याय बाजारात उपलब्ध होता आणि दूध तोडल्याने काही गमावले जाते, असे फारसे मानले जात नव्हते.

१९५७ मध्ये बाजारात आलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके शारीरिक व्यंगांसह जन्माला आली आणि १९६१ च्या अखेरीस युरोपात ते मागे घेण्यात आले. ही शोकांतिका गर्भावस्थेशी संबंधित होती, स्तनपानाशी नव्हे. परंतु तिच्यानंतर गर्भवती व स्तनदा या दोन्ही गटांतील स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याची प्रवृत्ती बळावली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रजननक्षम वयातील स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याची मार्गदर्शक सूचना काढली. ती १९९३ मध्ये बदलण्यात आली. स्त्रियांच्या रक्षणासाठी उचललेल्या या पावलाचा एक परिणाम असा झाला की, औषधे बाजारात येत राहिली, स्तनदा स्त्रियांना ती घेण्याची गरजही पडत राहिली, पण त्यांच्या दुधात ती किती उतरतात याची माहिती गोळा झाली नाही. माहिती नसल्यामुळे माहितीपत्रकात ‘स्तनपान काळात घेऊ नये’ असे छापले जाई आणि ते वाचून चाचण्या करण्याची गरज कोणाला वाटत नसे.

या चक्राचे एक बोलके उदाहरण रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचे आहे. १९७० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एका घटनेची नोंद प्रसिद्ध झाली. फेनिनडायोन हे औषध घेणाऱ्या मातेच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर मोठा रक्तस्राव झाला होता. त्यानंतर केवळ फेनिनडायोनच नव्हे, तर त्याच प्रकारचे काम करणारे वॉरफरिनदेखील स्तनपान काळात संशयास्पद ठरले. १९७७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वॉरफरिन घेणाऱ्या १३ मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या दुधात वॉरफरिन आढळले नाही. हे औषध रक्तातील प्रथिनांना इतके घट्ट बांधलेले असते की दुधात उतरण्यास ते मोकळेच राहत नाही. दोन औषधे एकाच रोगावर दिली जातात म्हणून ती दुधातही सारखीच वागतील, हा समज एका लहानशा अभ्यासाने खोटा ठरवला. संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा निकामी होण्याचे प्रमाण मोठे असलेल्या भारतासारख्या देशात या निष्कर्षाचे मोल विशेष आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या तरुण मातेने वॉरफरिन थांबवले, तर झडपेवर रक्ताची गुठळी होऊन तिचा जीव जाऊ शकतो.

दूध थांबवणे हेही निर्धोक नव्हते. त्यासाठी कृत्रिम इस्ट्रोजेन आणि पुढे ब्रोमोक्रिप्टिन ही औषधे वापरली गेली. ब्रोमोक्रिप्टिनला या कारणासाठी अमेरिकेत १९८० मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते घेतलेल्या बाळंतिणींमध्ये पक्षाघात व हृदयविकाराच्या घटना नोंदल्या गेल्यामुळे १९९० च्या दशकाच्या मध्यात तेथे हा उपयोग बंद करण्यात आला. बाळाला औषधापासून वाचवण्यासाठी आईला आणखी एक औषध द्यायचे आणि त्याची जोखीम हिशेबात धरायची नाही, असा हा विरोधाभास होता.

मापनाचे शास्त्र :

निषेधाची भाषा मागे पडली ती मापनामुळे. औषध रक्तातून दुधात कसे उतरते, याचे काही नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. लहान रेणूंची आणि मेदात विरघळणारी औषधे दुधात सहज जातात. प्रथिनांना घट्ट बांधलेली औषधे कमी जातात. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असल्यामुळे अल्कधर्मी औषधे दुधात अडकून राहण्याची शक्यता अधिक असते. हेपॅरिन किंवा इन्सुलिन यांसारखे मोठे रेणू दुधात अत्यल्प उतरतात आणि उतरले तरी बाळाच्या जठरात पचून जातात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध तयार करणाऱ्या पेशींमध्ये फटी असतात, त्यामुळे औषधे तुलनेने सहज पार होतात. मात्र त्या दिवसांत चिकाचे प्रमाणच थोडे असते.

या सर्वांचे सार एका आकड्यात मांडण्याची पद्धत पुढे रूढ झाली. बाळाला दुधावाटे दररोज मिळणारी औषधाची मात्रा, बाळाच्या वजनाच्या हिशेबाने, आईच्या वजनाच्या हिशेबाने काढलेल्या मात्रेच्या किती टक्के आहे, हे त्यात पाहिले जाते. उदाहरणादाखल, ६० किलो वजनाची माता दिवसाला ६०० मिलिग्रॅम औषध घेत असेल, तर तिची मात्रा दर किलोमागे १० मिलिग्रॅम होते. तिच्या एक लिटर दुधात सरासरी १ मिलिग्रॅम औषध सापडले आणि बाळ दिवसाला दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध प्यायले, तर त्याच्या वाट्याला दर किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे आईच्या मात्रेच्या १.५ टक्के औषध येते. हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी ते सामान्यतः स्वीकारार्ह मानावे, असा संकेत १९८० व १९९० च्या दशकांत रूढ झाला. इबुप्रोफेन या वेदनाशामकाचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी असते, तर लिथियमचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असू शकते. म्हणूनच लिथियमबाबत अधिक दक्षता घेतली जाते.

हा आकडा म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. कर्करोगावरील पेशीनाशक औषधे आणि किरणोत्सारी आयोडीन यांना हा नियम लागू करता येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत व मूत्रपिंड औषधाचा निचरा सावकाश करतात, त्यामुळे तेच प्रमाण त्याला जड जाऊ शकते. अंगावर पिणाऱ्या बाळांवर झालेल्या दुष्परिणामांच्या १०० प्रसिद्ध नोंदींचा आढावा २००३ मध्ये घेण्यात आला. त्यांपैकी एकाही घटनेत औषधाचा संबंध निश्चितपणे सिद्ध झाला नव्हता. ४७ नोंदींत तो संभवनीय व ५३ नोंदींत केवळ शक्य कोटीतील ठरला. महत्त्वाची बाब अशी की, यांतील सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक बाळे दोन महिन्यांच्या आतील होती. बाळाचे वय हा निर्णयातील एक प्रमुख घटक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

माहिती गोळा करून ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्थाही याच काळात उभी राहिली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८३ मध्ये दुधात उतरणाऱ्या औषधांची यादी प्रसिद्ध केली आणि १९८९, १९९४ व २००१ मध्ये ती सुधारली. थॉमस हेल यांचा या विषयावरील संदर्भग्रंथ १९९२ पासून निघू लागला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘लॅक्टमेड’ हा माहितीसंग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. पुढे २०१५ पासून अमेरिकेत औषधांच्या माहितीपत्रकाचे नियम बदलले. गर्भावस्थेसाठीची ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरांची वर्गवारी रद्द झाली आणि स्तनपानाच्या स्वतंत्र भागात दुधातील औषधाचे प्रमाण, बाळावरील परिणाम आणि दूध तयार होण्यावरील परिणाम यांविषयी उपलब्ध माहिती देणे आवश्यक झाले. एका शब्दातील मनाईची जागा वाचून तोलावयाच्या माहितीने घेतली.

उलटलेला प्रश्न : क्षयरोग आणि एचआयव्ही

या परिवर्तनाचा सर्वांत खोल ठसा दोन संसर्गजन्य रोगांच्या इतिहासात उमटलेला दिसतो. क्षयरोगावरील औषधे घेणाऱ्या मातांनी बाळाला पाजावे का, या प्रश्नाचा आढावा १९८४ मध्ये एका अमेरिकी वैद्यक नियतकालिकात घेतला गेला. या औषधांचा जो अंश दुधात उतरतो, तो बाळाला अपाय करण्याइतका नसतो आणि बाळाला क्षयापासून वाचवण्याइतकाही नसतो, असा त्याचा दुहेरी निष्कर्ष होता. पहिल्या भागाने मनाईचा आधार काढून घेतला, तर दुसऱ्या भागाने सुश्रुतकाळापासून चालत आलेले गृहीतक बाजूला सारले. आईचे औषध आईसाठी असते. बाळाला गरज असेल तर त्याची मात्रा त्याला वेगळी द्यावी लागते. म्हणूनच आईने उपचार व स्तनपान दोन्ही चालू ठेवावे आणि बाळाला आवश्यकतेनुसार प्रतिबंधक औषध व बीसीजीची लस द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका राहिली आहे. क्षयरोगाचा सर्वाधिक भार असलेल्या भारतात हा निर्णय असंख्य घरांत घ्यावा लागतो. दुधाच्या भीतीने आईने मध्येच गोळ्या सोडल्या, तर तिचा आजार बळावतो, औषधांना दाद न देणारा होण्याचा संभव वाढतो आणि त्याच घरात वाढणाऱ्या बाळाला श्वासावाटे संसर्ग होण्याची भीती राहते.

एचआयव्हीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता, कारण येथे विषाणूच दुधातून जात होता. १९८५ मध्ये हे लक्षात आल्यानंतर श्रीमंत देशांत बाधित मातांना स्तनपान न करण्याचा सल्ला देण्यात आला. गरीब देशांतही पर्यायी दुधाचा मार्ग अवलंबला गेला. आफ्रिकेतील बोट्स्वाना या देशाने बाधित मातांच्या बाळांसाठी दुधाची भुकटी विनामूल्य दिली. २००६ च्या प्रारंभी तेथे अतिवृष्टीनंतर अतिसाराची मोठी साथ आली आणि तिचा घाला प्रामुख्याने अंगावर न पिणाऱ्या बाळांवर पडला. दूध तोडणे हा सुरक्षित मार्ग नाही, हे या घटनेने अतिशय कठोरपणे दाखवून दिले.

त्यानंतरच्या अभ्यासांतून असे सिद्ध झाले की, आईने विषाणूरोधक औषधे नियमित घेतल्यास दुधातून होणारा संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधोपचारासह स्तनपानाची शिफारस केली. भारतात २०१४ पासून सर्व बाधित गर्भवती व स्तनदा स्त्रियांना आजन्म औषधोपचार देण्याचे धोरण स्वीकारले गेले. २०२४ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही उपचारांनी विषाणू नियंत्रणात असलेल्या मातांना स्तनपान करावयाचे असल्यास त्यांना साहाय्य करावे, ही भूमिका घेतली. अशा रीतीने प्रश्न पुरता उलटला. ‘औषध घेतेस म्हणून पाजू नकोस’ येथपासून सुरू झालेला प्रवास ‘पाजायचे आहे म्हणून औषध चुकवू नकोस’ येथवर येऊन पोहोचला.

आईचे मन आणि औषध न घेण्याची किंमत :

शरीराच्या आजारात औषधाची गरज घरच्यांना पटते. प्रसूतीनंतरच्या नैराश्यात ती पटणे अवघड जाते. बाळंतिणीचे रडणे, झोप न येणे, बाळाविषयी ओढ न वाटणे यांना स्वभावाचा किंवा अशक्तपणाचा भाग मानण्याची प्रवृत्ती जुनी आहे. त्यात औषध दुधातून बाळाला जाईल, ही भीती मिसळली की उपचार थांबतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सेर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन व नॉरट्रिप्टिलिन ही नैराश्यावरील औषधे अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात बहुधा मोजण्याइतकीही सापडत नाहीत, असे आढळले. त्याच गटातील फ्लुओक्सेटिनचे प्रमाण मात्र अधिक असू शकते. येथेही वॉरफरिनचाच धडा पुन्हा दिसतो. ‘नैराश्यावरील गोळ्या’ असा एकच ढोबळ प्रश्न नसतो. कोणती गोळी, किती मात्रा आणि किती वयाचे बाळ, असा तो विचारावा लागतो. उपचार न झालेले तीव्र नैराश्य आईच्या जिवावर बेतू शकते आणि बाळाच्या संगोपनावरही त्याचा परिणाम होतो. ही किंमत कोणत्याही माहितीपत्रकाच्या मनाईच्या ओळीत लिहिलेली नसते.

पुराव्याची मर्यादा : टोरांटोचे प्रकरण

मापनाचा हा इतिहास सरळ रेषेत पुढे गेला, असे मात्र नाही. २००५ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे १३ दिवसांचे बाळ दगावले. त्याच्या आईला प्रसूतीनंतरच्या वेदनांसाठी कोडीनयुक्त गोळ्या दिल्या होत्या. काही व्यक्तींच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर अतिशय वेगाने होते. ही माता तशी असल्यामुळे दुधातून जास्त मॉर्फिन बाळाला गेले, असे स्पष्टीकरण २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडण्यात आले. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला आणि २०१७ मध्ये कोडीन व ट्रॅमाडॉल ही दोन्ही औषधे स्तनपान काळात टाळावीत, अशी सूचना केली. पुढे अन्य संशोधकांनी हिशेब मांडून दाखवले की, दुधातून पोहोचू शकणाऱ्या मात्रेने बाळाच्या रक्तातील मॉर्फिनची पातळी तितकी वाढणे पटण्यासारखे नाही. या घटनेवर आधारित लेख दोन कॅनेडियन नियतकालिकांनी २०२० मध्ये मागे घेतले.

या वादाचा अर्थ अशी औषधे निर्धोक आहेत, असा होत नाही. गुंगी आणणारी औषधे घेणाऱ्या मातेच्या नवजात बाळावर बारीक लक्ष ठेवणे आवश्यकच आहे. परंतु १९७० मधील फेनिनडायोनची नोंद आणि २००६ मधील ही नोंद शेजारी ठेवल्या असता एक साम्य दिसते. एकच घटना जगभराचा सल्ला बदलू शकते आणि तिची फेरतपासणी होण्यास वर्षे लागतात. दरम्यानच्या काळात निर्णय घेण्याची वेळ आलेल्या मातांना त्या अपुऱ्या माहितीवरच विसंबावे लागते.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ :

महाराष्ट्रात बाळंतिणीच्या आहाराची परंपरा समृद्ध आहे. बाळंतशेपा, आळीव, डिंक, शतावरी आणि निरनिराळे बाळंतकाढे हे पदार्थ आजही घरोघरी दिले जातात. आईने खाल्लेले बाळाला लागते, हा त्यामागील विचार संहितांच्या काळाशी नाते सांगतो. या परंपरेतून एक विभागणी मात्र नकळत रुजली आहे. काढा हा आहार मानला जातो आणि गोळी हे औषध. त्यामुळे काढ्याविषयी कोणी शंका घेत नाही आणि गोळीविषयी घरातील प्रत्येक जण घेतो. वस्तुतः वनस्पतींमध्येही क्रियाशील द्रव्ये असतात आणि त्यांतील अनेकांचे दुधातील मापन झालेले नाही. बाळंतीण स्वतः, तिची आई, सासू, डॉक्टर आणि कधी औषधाच्या दुकानातील विक्रेता अशा अनेकांच्या मतांतून निर्णय आकार घेतो आणि त्यात बाळंतिणीचे मत अनेकदा शेवटी विचारले जाते.

स्तनपानाच्या रक्षणात भारताची कामगिरी उल्लेखनीय आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत दूध दान करणाऱ्या स्त्रीला ती कोणती औषधे घेते हे विचारले जाते, कारण ते दूध बहुधा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना द्यावयाचे असते. स्वतःच्या निरोगी बाळाला चालणारे दूध पेढीला चालेलच असे नाही, हा भेद वर उल्लेखिलेल्या मापनशास्त्राचाच परिपाक होय. १९९२ मध्ये बाळाच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

औषधांच्या चाचण्यांच्या बाबतीत २००५ मध्ये सुधारलेल्या अनुसूची ‘वाय’मध्ये स्तनदा स्त्रियांचा स्वतंत्र उल्लेख होता. औषध त्यांच्यासाठी किंवा त्यांच्या बाळांसाठीच असेल आणि अन्य स्त्रियांवरील माहिती पुरेशी नसेल, तरच त्यांना चाचणीत घ्यावे, असा त्याचा आशय होता. २०१९ च्या नव्या नियमांनुसार औषधाच्या माहितीत स्तनदा स्त्रियांविषयीचा तपशील देणे अपेक्षित आहे. परंतु डॉक्टर ज्या आकड्यांचा आधार घेतात, ते प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील मातांच्या अभ्यासांतून आलेले आहेत. भारतीय मातांचे वजन, पोषण आणि आजारांचे स्वरूप लक्षात घेता येथील अभ्यासांची गरज स्पष्ट आहे. बाटलीच्या दुधाच्या जाहिरातीपासून मातेला वाचवणारा कायदा तीन दशकांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. आजारी मातेला ‘दूध चालू ठेव’ असे खात्रीने सांगता येईल अशी देशी माहिती मात्र अद्याप तुटपुंजी आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, आईच्या दुधातून औषध जाते हे ज्ञान प्राचीन असले, तरी ‘किती जाते’ हा प्रश्न विचारला जाणे ही अगदी अलीकडची घटना आहे आणि त्या प्रश्नानेच निर्णयाचे स्वरूप बदलले. दुसरा, वॉरफरिन, क्षयरोगावरील औषधे आणि नैराश्यावरील काही औषधे यांच्या बाबतीत मापन होताच सरसकट मनाईचा आधार ढासळला. काही औषधांच्या बाबतीत मात्र मनाई किंवा विशेष दक्षता योग्यच ठरली. म्हणजे उत्तर औषधागणिक वेगळे असते. तिसरा, निर्णयाच्या तागडीत दोन नव्हे, तीन बाबी असतात : दुधातील औषधाची जोखीम, दूध तोडण्याची जोखीम आणि आईचा आजार उपचारांविना राहण्याची जोखीम. इतिहासात बहुधा पहिलीच मोजली गेली. बोट्स्वानातील साथीने दुसरी आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्याच्या अभ्यासांनी तिसरी पुढे आणली.

या पार्श्वभूमीवर स्तनदा मातेने औषध स्वतःहून घेणे जसे अयोग्य, तसेच ते स्वतःहून सोडणे किंवा दूध तोडणेही अयोग्य ठरते. आपण पाजत आहोत, बाळ किती दिवसांचे आहे, ते पूर्ण दिवसांचे आहे की अपुऱ्या दिवसांचे, आपण कोणता काढा किंवा अन्य औषध घेत आहोत, हे तिने डॉक्टरांना सांगणे आणि डॉक्टरांनी छापील मनाईवर न थांबता अद्ययावत माहिती पाहून तिच्याशी बोलणे, हा या दीर्घ इतिहासातून हाती येणारा व्यवहार्य मार्ग आहे. जी स्त्री शतकानुशतके औषधाचे वाहन मानली गेली आणि पुढे धोक्याचे कारण समजली गेली, ती या संवादात प्रथमच रुग्ण आणि निर्णयकर्ती या दोन्ही नात्यांनी उभी राहते. तिला हे स्थान मिळते की नाही, यावर अनेक घरांत आईचे आरोग्य आणि बाळाचे दूध ही दोन्ही टिकणे अवलंबून आहे.